मशीन नंबर सातचे गुण

संगणक कक्षाचा प्रभार माझ्याकडे आला त्याचं कारण एवढंच, की एकदा प्रार्थनेच्या वेळी माइक बंद पडला, मी त्याची वायर हलवली आणि तो सुरू झाला. आमच्याकडे माणसाला काय येतं हे असंच ठरतं. मी मराठी शिकवतो. पण त्या दिवसापासून वायर असलेली शाळेतली प्रत्येक वस्तू माझी झाली. आधी पाण्याची मोटर, मग वसतिगृहाचा इन्व्हर्टर, आणि शेवटी बारा संगणक.

शाळा आश्रमशाळा. वैनगंगेचा पूल ओलांडून मार्कंड्याकडे जाणारा रस्ता सोडला की आत, जंगलाला पाठ लावून. संगणक कक्षाचं उद्घाटन झालं तेव्हा हिरवा गालिचा भाड्यानं आणला होता आणि दाराशेजारी संगमरवरी फलक बसवला होता. फलकावर नावं आठ, संगणक तेव्हा पाहुण्यांसमोर चालू केलेला एक. बाकीच्यांच्या वायरी यायच्या होत्या. त्या महिनाभरानं आल्या. फलक मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण क्षमतेनं काम करतो आहे.

पोरांना आठवड्यातून एक तास मिळायचा. उरलेल्या वेळी त्या खोलीचा खरा उपयोग एकाच व्यक्तीला होता, आमच्या कनिष्ठ लिपिक बाईंना. त्यांचे यजमान याच शाळेत लिपिक होते. कावीळ झाली, आधी गावातलं झाडपाल्याचं औषध, मग गडचिरोली, मग नागपूर, आणि तिथून ते परत आले नाहीत. त्यांच्या जागी बाईंना अनुकंपा तत्त्वावर नेमणूक मिळाली. शिक्षण बारावी, वय पस्तिशीच्या पुढे, माहेर-सासर दोन्ही जंगलातल्या गावांत. नेमणुकीच्या आदेशात तिसऱ्या क्रमांकाची अट होती: दोन वर्षांच्या आत मराठी टंकलेखनाचं, मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र सादर करावं, अन्यथा सेवा समाप्त. दोन मुली वसतिगृहात शिकत होत्या. सेवा समाप्त म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. दुसऱ्या वेळी अर्ज भरायची तारीख निघून गेली, कारण तारखेचं पत्र कार्यालयात आलं ते त्यांच्याच टेबलावरच्या ढिगात होतं. मुदतीच्या आत आता एकच परीक्षा उरली होती, मे महिन्यात, चंद्रपूरच्या केंद्रावर. जानेवारीपासून रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या मशीन नंबर सातवर बसायच्या. सातच का, असं मी एकदा विचारलं.

"त्याच्या कळा जरा घट हायेत जी, सर," त्या म्हणाल्या. "दाबली का समजते, दाबली म्हनून."

शेजारी जुनी परिपत्रकं उघडी ठेवून त्या ती उतरवून काढायच्या. तेंदूच्या हंगामात पानांचे पुडके बांधणारी बोटं होती ती. वेग होता, पण आधी चुकीच्या अक्षरावर. मग हळूहळू बरोबर अक्षरावर यायला लागला. अठरा शब्द, बावीस, चोवीस. मी घड्याळ लावून बसायचो आणि डबा खायचो. मराठी वाङ्मयाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाच्या आयुष्यात हा सर्वांत उपयुक्त अर्धा तास असावा.

जानेवारीच्या शेवटी परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेनं आपल्या प्रत्येक संगणकाची कार्यक्षमता, सिस्टीममध्येच असलेल्या साधनानं मोजून, आकड्यात कळवावी. किमान आकडा साडेचार. कक्षात आठ किंवा अधिक संगणक उत्तीर्ण असतील तर कक्ष कायम राहील. कमी असतील तर उत्तीर्ण संगणक तालुक्याच्या मध्यवर्ती केंद्रात जातील आणि अनुत्तीर्ण वापरातून बाद होतील. परिपत्रकाच्या पहिल्या दीड पानात डिजिटल क्रांतीचं वर्णन होतं. कामाचं वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी, सहीच्या वर चिकटलेलं.

बाईंनी ते आवक नोंदवहीत चढवलं आणि माझ्या हातात दिलं. वाचलं होतं त्यांनी.

"मे परेंत तरी राहीन का हे, सर?"

"मोजून पाहू," मी म्हणालो.

मोजायची पद्धत शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. जुन्या संगणकांत हा आकडा एका पानावर सरळ दिसायचा. नंतर बनवणाऱ्यांनी ते पान काढून टाकलं, पण मोजणारं साधन आत तसंच ठेवलं. आपल्याकडे रद्द झालेल्या योजनेचं कार्यालय चालू राहतं, तसंच. काळी खिडकी उघडायची, त्यात 'विनसॅट फॉर्मल' असं टाकायचं आणि हात मागे घेऊन बसायचं. तीनचार मिनिटं संगणक स्वतःलाच कामं सांगतो आणि स्वतःच ती करतो. पडदा लुकलुकतो, पंखा घरघरतो. मग आणखी एक ओळ टाकली की पाच आकडे येतात: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, गेमचं ग्राफिक्स आणि डिस्क. आकडा एकपासून सुरू होतो आणि नऊ पूर्णांक नऊच्या पुढे जात नाही. दहापैकी दहा कोणालाच नाहीत. हे एवढं मला आवडलं.

ती काळी खिडकी साध्या पद्धतीनं उघडून चालत नाही. 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' असं म्हणून उघडावी लागते. मी हे करत असताना मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहिले.

"अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक ना, सर?"

"हो."

"मंग शाळेचा प्रशासक कोन?"

यावर उत्तर एकच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटला, फलकाला हार चढला, मुख्याध्यापकांनी खुर्चीत बसून मशीन नंबर एकची कळ दाबली आणि शिपायानं मोबाइलवर फोटो काढला. तीन मिनिटं पडदा लुकलुकत राहिला. एवढा वेळ काहीच न करता फोटोसाठी हसत बसणं त्यांनाही जमेना. दुसऱ्या मशीनला त्यांनी मधेच घड्याळ पाहिलं. तिसऱ्याला म्हणाले, "तुम्ही करून घ्या, मी अधिकार दिला असं समजा."

पाचव्या मशीनला लाइट गेली. आली तेव्हा पाचवं पुन्हा पहिल्यापासून. दिवस त्यातच गेला. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बारा ओळी आणि पाच रकाने होते, आणि ते पाहून मला फारसं काही वाटलं नाही. शिक्षकाला निकाल लावायची सवय असते.

गेमच्या ग्राफिक्समध्ये बाराच्या बारा मशीनना नऊ पूर्णांक नऊ. ही काय जादू म्हणून शोधलं तर कळलं, की नव्या सिस्टीम तो भाग मुळात तपासतच नाहीत, सरसकट पूर्ण गुण टाकतात. आपल्या गुणपत्रिकेतही असा एक विषय असतो, ज्याचा तास कधी होत नाही आणि ज्यात कोणी नापास होत नाही. डिस्कचे आकडे बरे होते. प्रोसेसर ठीक. गडबड साध्या ग्राफिक्सची होती. दोन वर्षांपूर्वी वेगळ्या खरेदीतून आलेली चार मशीनं सोडली तर बाकी आठांचं ग्राफिक्स चारच्या खाली. मशीन नंबर सात: चार पूर्णांक नऊ, साडेचार, तीन पूर्णांक चार, नऊ पूर्णांक नऊ, पाच पूर्णांक नऊ.

आणि नियम असा, की संगणकाचा मूळ आकडा म्हणजे या पाचांतला सर्वांत कमी. मार्कंड्याच्या जत्रेला पायी निघालेलं कुटुंब जसं सगळ्यांत थकलेल्या माणसाच्या पावलानं चालतं, तसं हे. मला नियम योग्य वाटला. सातचा आकडा तीन पूर्णांक चार. बारांपैकी चार उत्तीर्ण. कक्ष गेला.

मी भद्रावतीच्या मिस्त्रींना फोन केला. ते दर दोन महिन्यांनी एसटीनं येऊन आमची मशीनं उघडतात, आतली पाल काढतात आणि चहा पिऊन जातात. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे संगणक करतात. नजर तीच, एक डोळा बारीक केलेली.

"मेमरी होती तर इकडची तिकडं टाकून दिली असती, सर," ते म्हणाले. "ग्राफिक्स तो बोर्डातच बसेल आहे. त्याले काय करता? म्हाताऱ्या माणसाले चष्मा लावता येते, नवा डोळा नाही लावता येत. और एक बात, टायपिंगसाठी ग्राफिक्स कायले पाह्यजे?"

"नको."

"मंग?"

"परिपत्रकात टायपिंग नाही."

"अच्छा," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी बारा ओळींचा कागद मुख्याध्यापकांसमोर ठेवला. शेवटचा रकाना, मूळ आकड्याचा, मी कोरा ठेवला होता. का ठेवला होता याचं प्रामाणिक उत्तर मी तेव्हा स्वतःला दिलं नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा लावला, कॅल्क्युलेटर ओढला आणि तीस वर्षांच्या सवयीनं आडवी बेरीज सुरू केली. पाचांची बेरीज, भागिले पाच.

"सात नंबर, पाच पूर्णांक बहात्तर!" ते म्हणाले. "पास! तुम्ही उगाच चेहरा पाडून बसले, सर. हे पाहा, बाराही पास. शंभर टक्के निकाल."

मी सांगायला हवं होतं. सरासरी नाही, सर्वांत कमी. चार शब्द. दाराशी बाई जावक नोंदवही घेऊन उभ्या होत्या, आणि बारा हा आकडा त्यांनी ऐकला होता. मी खिशातून पेन काढलं. प्रभारी शिक्षक या शिक्क्यावर सही केली. त्या दिवशी दुपारी बाईंनी सव्वीस शब्द केले.

महाशिवरात्रीच्या आधीच पडताळणी येणार होती, पण सगळ्या गाड्या मार्कंड्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला लागल्या म्हणून ती आठ दिवस लांबली. आले ते एकच अधिकारी, तिशीचे, डोळ्यांखाली काळं. त्या आठवड्यातली आमची अकरावी शाळा. त्यांनी हार गळ्यात घालून घेतला नाही, हातात घेतला आणि मॉनिटरवर ठेवला. मुख्याध्यापकांना ते लागलं.

अधिकाऱ्यांनी सात नंबरवरच ओळ टाकली. पाच आकडे आले. त्यांनी आमचा तक्ता पाहिला, पडदा पाहिला, पुन्हा तक्ता.

"हे पाच पूर्णांक बहात्तर कुठून आलं?"

"सरासरी," मुख्याध्यापक म्हणाले. "दोन दशांश स्थळांपर्यंत."

"सर, सर्वांत कमी आकडा धरायचा असतो."

"असं काऊन, साहेब? एका विषयात कच्चा हाय म्हनून आपन पोराले घरी पाठवतो का? चार विषयांत चांगला हाय ना तो."

"हे पोरगं नाही, सर."

"मान्य. पन तत्त्व? चौतीस गुण म्हणजे एक कमी. मंडळ सुद्धा कृपागुण देते."

"तीन पूर्णांक चार आहेत. आणि कृपागुणांचा रकाना नाही माझ्याकडे," अधिकारी म्हणाले. ते हसले नाहीत, पण हसायची ताकद असती तर हसले असते असं वाटलं. मग माझ्याकडे वळले. "प्रभारी तुम्ही? तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

खोलीत बाई होत्या. मी फक्त पुन्हा एकदा 'हो' म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तक्त्यावर लाल पेनानं आठ रेघा मारल्या. खोटी माहिती वगैरे काही लिहिलं नाही, 'गणनेची चूक' एवढंच लिहिलं. त्या दोन शब्दांबद्दल मी त्यांचा आभारी आहे, आणि बेरजेत चूक नव्हती असं म्हणणारे मुख्याध्यापक आजही नाहीत.

चार मशीनं त्यांच्या जीपमध्ये गेली. उरलेल्या आठांचं निर्लेखन, म्हणजे वापरातून कायमची काढणी, समितीनं करायची होती. समिती येईपर्यंत ती सुरक्षित ताब्यात ठेवायची. ताबा लिपिकाचा, कारण जडवस्तू नोंदवही लिपिकाची. अधिकारी सांगत होते आणि बाई उभ्यानंच लिहून घेत होत्या. अध्यापनासाठी वापर बंद. विद्यार्थ्यांना प्रवेश बंद. खोलीला कुलूप, किल्ली लिपिकाकडे. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पण हलल्या नाहीत.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"हे आठ मशीन आता बंद पडेल हायेत का चालू हायेत? नोंदीत काय लिहू?"

"चालू स्थितीत, पण अनुत्तीर्ण."

"अन् समिती कधी येईन?"

"ते मला सांगता येणार नाही. सहा महिने, वर्ष."

"मंग वर्षानं समिती येईन, कळ दाबीन, अन् मशीन चालू नाई झालं तर? माया सहीनं ताबा हाय. नोंदीत चालू लिवून हाय. मले विचारतीन, बाई, तुमच्या ताब्यात कसं बिघडलं?"

अधिकारी बाईंकडे पाहत राहिले. दिवसभरात त्यांच्याशी पहिल्यांदाच कोणी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चालू आहे याची अधूनमधून खात्री करा."

"अधूनमधून म्हंजे किती जी? लेखी पाह्यजे मले. मी नवीन हाव. मायी नोकरी कच्ची हाय."

"बाई, रोज करा. चालू करा, काही कळा दाबून पाहा, नोंद ठेवा. झालं?"

"किती कळा?"

आता मात्र ते हसले. दमलेलं हसू, पण पूर्ण. "तुम्हाला समाधान वाटेल तितक्या," ते म्हणाले, आणि शेरेपुस्तकात तसं लिहिलं: अनुत्तीर्ण संगणक चालू स्थितीत असल्याची खात्री ताबाधारकाने दररोज करावी व नोंद ठेवावी. खाली सही, शिक्का. जीप गेल्यावर बाईंनी ते पान दोनदा वाचलं, मग त्याची झेरॉक्स काढून आणायला शिपायाला तालुक्याला पाठवलं. आम्हा तिघांत शासनाची भाषा नीट कोणाला येते, हे त्या दिवशी ठरलं. पदव्युत्तर पदवी माझी होती.

त्यानंतर रोज दुपारी कुलूप उघडायचं. नोंदवहीत तारीख, मशीन क्रमांक सात, चालू. पुराव्यादाखल रोज एक छापील पान जोडलेलं. पुरावा तीस ओळींचा असायचा. उरलेल्या सात मशीनना पाच-पाच मिनिटं, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. मार्चमध्ये अठ्ठावीस शब्द, एप्रिलमध्ये तीस. त्या खोलीचा पंखा नुसता गरम हवा फिरवायचा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत सासरच्या माणसांनी दोनदा निरोप पाठवला, चार हात कमी पडून राह्यले म्हणून. त्या गेल्या नाहीत, आणि ते त्यांना सोपं गेलं नाही, एवढं मला चेहऱ्यावरून कळत होतं. नियम काटेकोर पाळला तर त्या मशीनवर शिकवायलाच बंदी होती, सरावाला नव्हती, खात्रीला तर आदेशच होता. मी या तर्काची बाजू तपासून पाहिली आणि सोडून दिली.

मे महिन्यात पहिल्या गाडीनं त्या चंद्रपूरला गेल्या. ऊन असं, की गाडीची खिडकी उघडली तरी भाजावं आणि लावली तरी. संध्याकाळी परतल्या तेव्हा तोंड सुकलेलं.

"कसं गेलं?"

"तिथले मशीन लई नवे हायेत, सर. कळा अशा मऊ, का दाबली का नाई समजतच नाई. पहिले दोन मिनिटं त्यातच गेले. मंग मी पाहनंच सोडलं. लिवत गेली."

निकाल जुलैत लागला, मुदत संपायच्या तीन आठवडे आधी. पास. काठावर, पण काठ हा पासकडचा होता. प्रमाणपत्राची प्रत जोडून प्रकल्प कार्यालयाला पाठवायचं पत्र त्यांनी स्वतःच टाइप केलं, मुख्याध्यापकांची सही घेतली, जावक क्रमांक टाकला आणि टपालात दिलं. पेढे वाटले नाहीत. माझ्या टेबलावर पानात गुंडाळलेली चारोळी ठेवली, गावाहून आलेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन सवयीनं त्या खोलीकडे गेलो. कुलूप उघडं होतं. बाई सात नंबरसमोर बसल्या होत्या, पडद्यावर कोरं पान, हात मांडीवर.

"आता काय लिवू, सर?" त्या म्हणाल्या. "नोंद तर ठेवा लागन. आदेश हाय."

सहा महिने त्या खोलीत एकाच गोष्टीकडे आम्ही पाहत होतो आणि आता ती होऊन गेली होती. मी खुर्चीत बसलो. फार दमलो होतो, आणि हे मला तेव्हाच कळलं.

"माझा रजेचा अर्ज लिहा," मी म्हणालो.

"किती दिवसांचा?"

"आठ."

बोटं चालू लागली. घड्याळ मी लावलं नव्हतं. दोन ओळींनंतर ती थांबली.

"कारन काय टाकू?"

मी डबा उघडला, बंद केला. बाईंनी थोडी वाट पाहिली, आणि मग मला पुन्हा न विचारताच 'घरगुती' असं लिहून पुढच्या ओळीवर गेल्या.